फटीचा आकार आणि फटीचे चिन्ह : उच्चतापी अतिसंवाहकांतील टनेलिंगचा आढावा

प्रश्न कोणता आहे

धातू अतिसंवाहक होतो तेव्हा त्यातले इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात. जोडी मोडायची तर काही किमान ऊर्जा मोजावी लागते, आणि तेवढ्या पट्ट्यात एकट्या इलेक्ट्रॉनला जागाच उरत नाही. या मोकळ्या पट्ट्याला ऊर्जाफट म्हणतात. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी १९५७ साली मांडलेल्या सिद्धान्तात ही फट सर्व दिशांना जवळपास सारखी असते. या प्रकाराला एस-तरंग सममिती म्हणतात. शिसे, कथील, ॲल्युमिनियम यांना हे चित्र चपखल बसते.

तांब्याच्या ऑक्साइडांत मात्र फट दिशेनुसार बदलते असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. तांबे-ऑक्सिजन बंधाच्या दिशेने ती सर्वांत मोठी असते आणि त्या दिशांच्या बरोबर मधे, ४५ अंशांवर, शून्य होते. शिवाय जोडीच्या तरंगफलनाचे चिन्ह एका बंधाच्या दिशेने धन, तर तिच्याशी काटकोनात ऋण असते. चार पाकळ्यांचे फूल डोळ्यांसमोर आणावे : समोरासमोरच्या दोन पाकळ्या एका चिन्हाच्या, उरलेल्या दोन दुसऱ्या. ही डी-तरंग सममिती.

पाठ्यपुस्तके सांगतात की हा वाद मिटला. माझ्या मते तो चिन्हापुरता मिटला आहे. फटीच्या आकाराबाबत आणि ती फट नेमकी कशाची, याबाबत तो चालूच आहे. ज्या तंत्राने वाद मिटवला त्याच तंत्राने तो पुन्हा उकरूनही काढला आहे. अलीकडच्या काळात या चर्चेत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या, म्हणजे टीआयएफआरमधल्या, प्रयोगांचाही वाटा आहे.

टनेलिंगने काय कळते आणि काय कळत नाही

दोन धातूंच्या मधे काही अणूंच्या जाडीचा निरोधक थर ठेवला, तर इलेक्ट्रॉन पुंजयामिकीच्या नियमाने तो थर पार करतो; यालाच टनेलिंग म्हणतात. १९६० साली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ईव्हार येव्हर या नॉर्वेजियन अभियंत्याने ॲल्युमिनियम, त्याचा ऑक्साइड आणि शिसे अशी रचना करून विद्युतदाब हळूहळू वाढवत नेला. एका ठरावीक दाबापर्यंत प्रवाह जवळजवळ वाहतच नव्हता, त्यानंतर तो एकदम वाढला. तो दाब म्हणजे फटीचे थेट मोजमाप. येव्हर तेव्हा नोकरी सांभाळून भौतिकशास्त्राचे वर्ग करत होता आणि फटीची कल्पना त्याने वर्गातच ऐकली होती.

१९६२ साली केंब्रिजमधल्या बावीस वर्षांच्या ब्रायन जोसेफसनने पुढचे भाकीत केले : एकटे इलेक्ट्रॉनच नव्हे, अख्ख्या जोड्याही थर ओलांडतील, आणि तो प्रवाह दोन्ही बाजूंच्या तरंगफलनांच्या कलांतरावर ठरेल. खुद्द बार्डीन यांना ते सुरुवातीला पटले नव्हते. प्रयोगांनी जोसेफसनच्या बाजूने कौल दिला आणि १९७३ चे नोबेल पारितोषिक येव्हर, लिओ एसाकी आणि जोसेफसन यांच्यात वाटले गेले.

पुढचा सगळा वाद या दोन प्रयोगांतल्या फरकावर उभा आहे. येव्हरच्या पद्धतीने फटीचा आकार कळतो, चिन्ह कळत नाही. एखाद्या दिशेला फट लहान दिसली, तर ती शून्यातून जाऊन ऋण होते की नुसतीच आक्रसते, हे त्या वक्रावरून सांगता येत नाही. चिन्हासाठी कला मोजावी लागते, म्हणजे जोसेफसनची वाट धरावी लागते.

१९८७ नंतरचा गोंधळ

१९८६ साली झुरिचजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत जॉर्ज बेडनॉर्झ आणि अलेक्स म्युलर यांना लँथॅनम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांच्या एका ठिसूळ संयुगात ३० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता आढळली. काही महिन्यांतच, १९८७ च्या आरंभी, पॉल चू आणि माव-कुएन वू यांच्या गटांनी इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड, म्हणजे वायबीसीओ, ९३ केल्विनपर्यंत नेले. द्रव नायट्रोजन उकळतो ७७ केल्विनला, उणे १९६ अंश सेल्सिअसला. बीड जिल्ह्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत देवणी आणि लाल कंधारी वळूंच्या गोठीत रेतमात्रा ज्या नायट्रोजन कंटेनरमध्ये सांभाळतात, तिथले हेच तापमान. वायबीसीओची गोळी त्या कंटेनरमध्ये बुडवली तरी ती अतिसंवाहक होईल. १९११ साली कामरलिंग ओनेस यांना पाऱ्यासाठी ४.२ केल्विनचा द्रव हेलियम लागला होता, आणि तो त्या काळी जवळपास फक्त त्यांच्याच प्रयोगशाळेत तयार होत असे.

त्यामुळे इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड खलून, भट्टीत ९०० अंशांच्या वर भाजून, चुंबकावर तरंगणारी गोळी एखाद्या लहान गावातल्या महाविद्यालयातही करून दाखवता येऊ लागली. टनेलिंगचा विश्वासार्ह वक्र मात्र मोठमोठ्या प्रयोगशाळांनाही काही वर्षे हाती लागला नाही. जोडीतल्या दोन इलेक्ट्रॉनांचा एकमेकांवरचा प्रभाव किती अंतरापर्यंत टिकतो, हे याचे कारण. शिशात ते अंतर शेकडो अणूंचे असते. या ऑक्साइडांत ते थरांच्या प्रतलात एक-दोन नॅनोमीटर आणि थरांच्या आरपार, म्हणजे स्फटिकाच्या सी-अक्षाच्या दिशेने, त्याहूनही कितीतरी कमी भरते. टनेलिंगला दिसतो तो पृष्ठभागच, आणि पृष्ठभागावरचा ऑक्सिजन हवेत, निर्वातात किंवा शिशाचा थर चढवताना सहज निसटतो. १९५७ च्या सिद्धान्तानुसार फटीच्या दुपटीचे क्रांतिक तापमानाशी, म्हणजे ज्याच्या खाली अतिसंवाहकता येते त्या तापमानाशी (ऊर्जेच्या एककात), गुणोत्तर ३.५ च्या आसपास यायला हवे. सुरुवातीच्या निबंधांत ते साध्या धातूंच्या मूल्यापासून त्याच्या तिपटीपर्यंत कुठेही सापडे. आज बिस्मथ-२२१२ या संयुगासाठी फट सुमारे ४० मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि क्रांतिक तापमान ९० केल्विनच्या जवळ मानतात. त्यावरून गुणोत्तर दहाच्या घरात जाते.

आणखी एक गोष्ट आढाव्यांत फारशी सांगितली जात नाही. बिस्मथ-२२१२ अभ्रकासारखे थराथरांनी सुटते, त्यामुळे स्वच्छ पृष्ठभाग लागणारे प्रयोग त्यावर झाले. कला मोजणारे जोसेफसन प्रयोग मुख्यतः वायबीसीओवर झाले. पुराव्याचे दोन गठ्ठे अशा दोन वेगळ्या पदार्थांतून आले आहेत आणि आपण ते बहुधा एकत्र वाचतो.

चिन्हाचा माग

सैद्धान्तिक बाजू आधीपासून तयार होती. बिकर्स, स्कॅलापिनो आणि स्कॅलेटार यांनी १९८७ मध्येच दाखवले होते की इलेक्ट्रॉनांच्या फिरकीतल्या चढउतारांनी जोड्या जमत असतील, तर डी-तरंग स्वाभाविक आहे. एकमेकांना दूर लोटणारे इलेक्ट्रॉनही जोडी करू शकतात, मात्र त्यासाठी तरंगफलनाने चिन्ह बदलायला हवे. फिलिप अँडरसन यांच्या वेगळ्या मांडणीतूनही पुढे हीच सममिती निघाली. दुसऱ्या बाजूला फोनॉनवर, म्हणजे स्फटिकजालाच्या कंपनांवर, विश्वास ठेवणारे एस-तरंगाला चिकटून होते.

१९९३ साली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात हार्डी आणि सहकाऱ्यांनी चुंबकीय क्षेत्र वायबीसीओमध्ये किती खोल शिरते हे मोजले. कमी तापमानाला ही खोली तापमानाच्या सरळ प्रमाणात बदलत होती, म्हणजे कुठल्या तरी दिशांना फट शून्य होती. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या शेन यांच्या गटाने प्रकाशाने उडवलेल्या इलेक्ट्रॉनांवरून बिस्मथ-२२१२ मधली दिशानुसार फट दाखवली. हे दोन्ही पुरावे आकाराचे होते. चिन्हाचा पुरावा सिग्रिस्ट आणि राइस यांनी १९९२ मध्ये सुचवलेल्या वाटेने आला. इलिनॉयमध्ये वोलमन, व्हॅन हार्लिंगेन आणि सहकाऱ्यांनी वायबीसीओ स्फटिकाच्या काटकोनातल्या दोन कडा शिशाने जोडून वेटोळे केले, आणि दोन कडांमधल्या कलेत अर्ध्या आवर्तनाचा फरक मिळाला. टीकाकारांचे म्हणणे होते की स्फटिकाच्या कोपऱ्यात अडकलेले चुंबकीय क्षेत्रही असा भास निर्माण करू शकते, आणि ही शंका वाजवी होती.

आयबीएमच्या सुई आणि कर्टली यांनी १९९४ मध्ये या शंकेला जे उत्तर दिले, ते माझ्या मते या क्षेत्रातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी आहे. वेगवेगळ्या दिशांना वळलेले तीन स्फटिक जोडून केलेल्या पायावर त्यांनी वायबीसीओचा पातळ थर वाढवला आणि त्यात सूक्ष्म कड्या कोरल्या. जिथे तिन्ही स्फटिक भेटतात त्या बिंदूभोवतीची कडी फेरी मारताना चिन्हाचा बदल विषम वेळा अनुभवते, इतर कड्या सम वेळा. अतिसंवाहक कडीत चुंबकीय प्रवाह ठरावीक पुंजाच्या पूर्ण पटीतच राहतो. मधल्या कडीत मात्र, बाहेरून क्षेत्र न लावता, बरोबर अर्धा पुंज आपोआप तयार झालेला दिसला. बाजूच्या कड्यांत तो नव्हता, त्यामुळे भटक्या क्षेत्राचा आक्षेप उरला नाही. १९९८ चे बकली पारितोषिक सुई, कर्टली, व्हॅन हार्लिंगेन आणि इलिनॉयमधलेच गिन्सबर्ग यांना मिळाले. २००० मध्ये ज्यांत जादा इलेक्ट्रॉन भरले जातात अशा तांबे-ऑक्साइडांतही अर्धा पुंज सापडला.

साध्या टनेलिंगनेही याला दुजोरा दिला. चिन्ह बदलत असेल, तर बंधाच्या दिशेशी ४५ अंशांत कापलेल्या पृष्ठभागावर शून्य ऊर्जेच्या अवस्था तयार व्हायला हव्यात, असे हू यांनी १९९४ मध्ये दाखवले. तनाका आणि काशिवाया यांनी १९९५ मध्ये त्याचे पूर्ण गणित मांडले. शून्य दाबाजवळच्या ज्या शिखराला पूर्वी खराब नमुन्याची खूण मानून बाजूला ठेवत, तेच आता डी-तरंगाची साक्ष ठरले.

दुसरी बाजू

प्रतिवादाचा मुख्य आधार सी-अक्ष हा होता. शिशाचा थर वायबीसीओच्या माथ्यावर चढवला, तर जोडी थरांना लंब दिशेने जाते. धन आणि ऋण पाकळ्या सारख्याच वाट्याला येतात आणि शुद्ध डी-तरंगात जोसेफसन प्रवाहाची बेरीज शून्य व्हायला हवी. सॅन दिएगोच्या डाइन्स यांच्या गटाला १९९४ मध्ये तो प्रवाह लहान, पण निश्चितपणे शून्याहून वेगळा मिळाला.

उत्तर असे निघाले की वायबीसीओच्या स्फटिकात दोन आडव्या बाजू समान लांबीच्या नाहीत, त्यामुळे डी-तरंगात थोडा एस-तरंग मिसळायला सममितीची हरकत नाही. १९९७ साली एका संयुक्त प्रयोगात स्फटिकातल्या जुळ्या क्षेत्रांच्या सीमेवर हे तपासले गेले : सीमा ओलांडताना एस-भागाचे चिन्ह उलटते, म्हणजे प्रमुख घटक डी आणि गौण एस. त्या निबंधावर डाइन्स आणि गिन्सबर्ग, दोघांचीही नावे आहेत. विरोधी निष्कर्ष काढणाऱ्या गटांनी एकत्र येऊन प्रयोग करणे भौतिकशास्त्रातही रोज घडत नाही.

सगळ्यांचे समाधान मात्र झाले नाही. पृष्ठभागावर डी-तरंग असला तरी आतल्या गाभ्यात एस-तरंगाचा वाटा मोठा आहे, असे अलेक्स म्युलर पुढेही मांडत राहिले. रिचर्ड क्लेम यांचा एस-तरंगाच्या बाजूचा युक्तिवाद बिस्मथ-२२१२ च्या एका प्रयोगावर उभा होता. १९९९ मध्ये ब्रुकहेव्हनच्या चियांग ली आणि सहकाऱ्यांनी दोन स्फटिक एकमेकांवर वेगवेगळ्या कोनांत फिरवून जोडले. डी-तरंगात ४५ अंशांवर प्रवाह नाहीसा व्हायला हवा होता. त्यांना कोनाचा परिणामच दिसला नाही. या निकालाला बरीच वर्षे अपवाद म्हणून कोपऱ्यात ठेवले गेले.

सूक्ष्मदर्शकातून दिसलेले

टनेलिंगची टोकदार सुई पृष्ठभागावरून फिरवणारा सूक्ष्मदर्शक बिनिग आणि रोरर यांनी १९८१ मध्ये झुरिचच्या त्याच प्रयोगशाळेत बनवला होता. सीमस डेव्हिस यांच्या गटाने त्याने २००० साली बिस्मथ-२२१२ मधल्या एकेका जस्ताच्या अणूभोवती क्रॉसच्या आकाराची अवस्था दाखवली, आणि क्रॉसच्या भुजा फट शून्य होण्याच्या दिशांना होत्या. लगेच पुढच्या वर्षी कळले की फट एका जागी आहे तेवढी काही नॅनोमीटरवर नसते. एकाच स्फटिकात लहान-मोठ्या फटींचा विस्कळीत नकाशा निघाला.

फटीबद्दलचा दुसरा पेच, ‘छद्मफट’, याआधीच पुढे आला होता. जिनिव्हाच्या रेनर आणि फिशर यांनी १९९८ मध्ये दाखवले की क्रांतिक तापमानाच्या वर, अतिसंवाहकता संपल्यावरही फटीचा खळगा उरतो. एक पक्ष म्हणतो, जोड्या आधीच जमल्या आहेत, त्यांच्या कला फक्त जुळायच्या आहेत. दुसरा म्हणतो, ही वेगळ्याच, अतिसंवाहकतेशी स्पर्धा करणाऱ्या व्यवस्थेची फट आहे. २०१९ मध्ये बोझोव्हिच आणि नाटेल्सन यांच्या गटांनी लँथॅनमयुक्त संयुगाच्या टनेल जोडांतल्या प्रवाहाचा गोंगाट मोजला आणि क्रांतिक तापमानाच्या वरही दुप्पट प्रभाराचे वहन दिसल्याचे मांडले. हे पहिल्या पक्षाच्या बाजूने जाते.

इथे टीआयएफआरच्या प्रताप रायचौधुरी यांच्या गटाचे काम आडवाटेने उपयोगी पडते. त्यांनी उच्चतापी पदार्थ घेतलाच नाही. नायोबियम नायट्राइड हा जुना, निःसंशय एस-तरंग अतिसंवाहक घेतला, त्याच्या पातळ थरात मुद्दाम अव्यवस्था वाढवत नेली आणि संस्थेतच बांधलेल्या, हेलियम-३ ने थंड केलेल्या टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने तो पाहिला. स्वच्छ थर १६ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतो. अव्यवस्था फार वाढली की क्रांतिक तापमान घसरते, पण फट त्याच्या वरही उरते. छद्मफटीसाठी डी-तरंगाची किंवा दुसऱ्या व्यवस्थेची गरजच नाही, असे या २०११ च्या कामातून निघते. तांबे-ऑक्साइडांतली छद्मफट खोलीच्या तापमानापर्यंतही पोहोचते आणि नायोबियम नायट्राइडमधली काही केल्विनपर्यंतच, म्हणून दोन्ही एकाच कारणाने घडतात असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

याच संस्थेत १९९४ च्या सुमारास नागराजन आणि सहकाऱ्यांनी इट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन संयुगांत सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकता शोधली. हा उच्चतापी गट नव्हे. तरी त्यातल्या फटीचा दिशाभेद इतका तीव्र निघाला की २००४ मध्ये टीआयएफआरच्याच बिंदुसंपर्क प्रयोगांत सी-अक्षाच्या दिशेची फट प्रतलातल्या फटीच्या कित्येक पट भरली. तिथे कोणी डी-तरंगाचा आग्रह धरत नाही. आकारातला फरक म्हणजे चिन्हातला फरक नव्हे, याचे हे घरचे उदाहरण आहे.

जोडणारा कोण

१९६५ साली बेल प्रयोगशाळेतल्या मॅकमिलन आणि रोवेल यांनी शिशाच्या टनेलिंग वक्रातल्या बारीक सुरकुत्यांवरून थेट फोनॉनचा वर्णपट काढला, आणि शिशात जोड्या कशाने जमतात हा प्रश्न संपला. तांबे-ऑक्साइडांतही असेच होईल अशी अपेक्षा होती. २००६ मध्ये डेव्हिस यांच्या गटाला बिस्मथ-२२१२ मध्ये ५२ मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्टजवळ एक खूण मिळाली. साध्या ऑक्सिजनऐवजी जड समस्थानिक घातल्यावर ती सरकली, म्हणजे ती जालकंपनाची होती. पण ते कंपन जोडी जमवणारे आहे, की सुई आणि तांब्याचा थर यांच्या मधल्या ऑक्सिजन अणूला जाता जाता बसलेला धक्का आहे, यावर एकमत झाले नाही. डी-तरंग सिद्ध झाल्याने फिरकीचा सिद्धान्त सिद्ध होत नाही, कारण डी-तरंग देणारे सिद्धान्त अनेक आहेत. लोकप्रिय लेखनात ही सरमिसळ नेहमी होते.

वळवलेले थर

ब्रुकहेव्हनचा विसरलेला अपवाद गेल्या काही वर्षांत पुन्हा मध्यभागी आला आहे. ग्राफीनच्या अभ्यासातून अणुजाडीचे पापुद्रे सोलून हव्या त्या कोनात रचण्याची कला हाती आली. २०२१ मध्ये जान आणि सहकाऱ्यांनी भाकीत केले की बिस्मथ-२२१२ चे दोन पापुद्रे ४५ अंशांच्या आसपास ठेवले, तर एकेका जोडीचा प्रवाह विझेल, दोन-दोन जोड्यांचा एकत्रित प्रवाह उरेल, आणि कालप्रत्यावर्तन सममिती (काळाची दिशा उलटली तरी अवस्था तीच राहणे) मोडणारी नवी अवस्था मिळेल. हार्वर्डच्या फिलिप किम यांच्या गटाने पापुद्रे गोठवलेल्या स्थितीत झटपट रचले, म्हणजे सांध्यावरचा ऑक्सिजन हलत नाही. २०२३ मध्ये त्यांनी ४५ अंशांजवळ प्रवाह अनेक पटींनी घटल्याचे प्रसिद्ध केले. हे डी-तरंगाला धरून आहे. बीजिंगमध्ये श्यूए ची-कुन यांच्या गटाला मात्र अशाच अतिपातळ पापुद्र्यांत ४५ अंशांवरही भरघोस प्रवाह मिळाला, आणि त्यांनी एस-तरंगाचा वाटा असल्याचा निष्कर्ष काढला. २०१६ मध्ये याच गटाने बिस्मथ-२२१२ वर तांबे-ऑक्सिजनचा एकच थर वाढवून त्यात तळ सपाट असलेली, शून्य न होणारी फट दाखवली होती; तो थर नेहमीपेक्षा वेगळ्या प्रमाणात प्रभारित आहे, असे टीकाकारांचे उत्तर होते.

दोन्ही गट निष्णात आहेत, पदार्थ तोच आहे. फरक सांध्यातल्या एखाद्या नॅनोमीटरचा असावा : तिथे ऑक्सिजन किती उरला, अणूंची रचना किती ढळली. सी-अक्षाच्या दिशेने जोडीचा प्रभाव त्याहूनही कमी अंतरात संपतो. १९८७ ची अडचण नव्या रूपात पुन्हा उभी आहे, म्हणून मी इथे कोणत्याही एका बाजूला शेवटचा शब्द देणार नाही.

टीआयएफआरच्या मंदार देशमुख यांच्या गटाने हेच वळवलेले पापुद्रे घेऊन जोसेफसन डायोड बनवला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात जोडातून एका दिशेने जेवढा अतिसंवाहक प्रवाह जातो, तेवढा उलट दिशेने जात नाही, आणि हा भेद ७७ केल्विनपर्यंत टिकतो. २० केल्विनला तो ६० टक्क्यांच्या घरात आहे. त्यासाठी थोडेसे चुंबकीय क्षेत्र लावावे लागते, आणि कारण म्हणून लेखक जोडातल्या व पापुद्र्यातल्या चुंबकीय भोवऱ्यांची परस्परक्रिया पुढे करतात. म्हणजे उपयोगाच्या दृष्टीने हे मोठे पाऊल आहे, पण एस की डी या प्रश्नावर ते स्वतःहून मत देत नाही. किम यांच्या गटाला ४५ अंशांजवळ बाहेरच्या क्षेत्राशिवायच डायोडसारखे वर्तन दिसले होते, आणि भाकीत केलेल्या नव्या अवस्थेची ती खूण असू शकते. क्षेत्रामुळे येणारा भेद आणि क्षेत्राविना येणारा भेद एकाच जोडावर, एकामागून एका कोनात वेगळे करून दाखवावे लागतील. ते होईपर्यंत ४५ अंशांवरच्या त्या उरलेल्या प्रवाहाचे दोन्ही अर्थ उभे राहतात.